खास पाहुण्यांची खोली

बंद पडलेली पिठाची गिरणी विकत घेऊन तिचं घर करायचं, हे आमच्या दीपकरावांच्या डोक्यात कुणी भरवलं ते सप्तशृंगीलाच ठाऊक. माणसं निवृत्त झाली की सकाळी मैदानाला फेऱ्या मारतात, हास्यक्लबात जाऊन कारण नसताना हसतात. आमच्या ह्यांनी नाशकात अंबडच्या कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, सिडकोतला फ्लॅट विकला आणि वणीच्या पुढं, कळवण रस्त्यावरच्या आपल्या मूळ गावात कोंडाजीबाबांची गिरणी घेतली. कोंडाजीबाबा केव्हाच गेले, त्यांची मुलं नाशकात. घरोघरी छोट्या चक्क्या आल्या तसं गिरणीत कुणी दळण टाकेना. तेव्हापासून ती कुलूप लावून पडून होती.

“खाली आपण राहायचं, वर पाहुणे,” हे मला सांगत. “गडावर जाणारे येतील, द्राक्षाचे मळे बघायला पुण्यामुंबईचे येतील. मधला हॉल गावाच्या उपयोगाला. बहुउद्देशीय वास्तू!” हा शब्द त्यांना फार आवडला होता. छपराचे पत्रे चढायच्या आधीच पेंटरकडून त्यांनी तो पाटीवर लिहून घेतला. मी म्हटलं, “उद्देश सगळ्यांचे आणि झाडू माझा.” ते त्यांनी ऐकलं नाही. ह्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

नवीन बांधणं परवडलं, जुनं नीट करणं नको. फरशी बसवावी तर जोत्यातून ओल यायची. ओल थांबवावी तर मोरीचा उतार उलटा निघायचा. प्लंबर आला की वीज नसायची आणि वीज आली की प्लंबर कुणाच्या तरी दहाव्याला गेलेला असायचा. भिंती मात्र दगडी, एवढ्या जाड की खिडकीत मांडी घालून भाजी निवडावी. आणि सगळीकडं पीठ. तुळयांवर, दगडांच्या सांध्यांत, दारांच्या चौकटीमागं वर्षानुवर्षांचं पीठ. पाणी मारलं की त्याचा लगदा व्हायचा, ऊन पडलं की आंबूस वास सुटायचा. संध्याकाळी मी केस विंचरायला घ्यायची तर फणीत पांढरं निघायचं. ते पीठ किती आणि माझे पिकलेले केस किती, हे बघायचं मी सोडून दिलं होतं.

वरच्या मजल्यावर तीन खोल्या काढल्या. त्यातली पूर्वेची खोली मिरची कांडायच्या यंत्राच्या बरोबर डोक्यावर होती. झुंबर गवंड्यानं तिथला गिलावा खरवडायला घेतला आणि अख्खी गल्ली खोकायला लागली. झुंबर नाकाला उपरणं बांधून खाली आला, डोळे लालभडक.

“वैनी, ह्या खोलीत कोन राहनार हाय? पाहुना आला तर दोन दिसात पळून जाईल.”

“खास पाहुण्यांची आहे ती,” मी म्हटलं. “सगळा गिलावा काढ आणि धुऊन घे. पुन्हा पुन्हा धू. मिरचीचा कण राहता कामा नये.”

तोंडातून निघून गेलं ते गेलं. खरं म्हणजे ती खोली वेदिकाची होती.

वेदिका आमची एकुलती एक लेक. लग्न करून पुण्याला दिली होती. मारझोड नव्हती, दारू नव्हती, बाहेर सांगावं असं काहीच नव्हतं. त्या घरात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं, एवढंच. नवरा कामापुरतं बोलायचा, सासू भांड्यांशी बोलायची. दरवेळी माहेरी आली की पोर आणखी थोडी गप्प झालेली असायची. मग एका दुपारी तिचा फोन आला. “आई, मी जूनच्या आत इकडचं सगळं आवरते. परत जायचं नाही मला. काही विचारू नकोस.” मी काही विचारलं नाही. जेवलीस का, तेवढं विचारलं.

ह्यांना सांगितलं तर हे बराच वेळ टेपनं खिडकी मोजत राहिले. मग म्हणाले, “चार दिवस राहील, डोकं शांत होईल, जाईल. भांड्याला भांडं लागतंच.” मी म्हटलं, भांडं लागलं असतं तर आवाज तरी झाला असता. पण त्यांनी ठरवलं होतं. खोलीला वेदिकाची म्हटलं की ती कायमची आली असं होईल, म्हणून ते त्या खोलीला तीन नंबर म्हणायचे. आणि मी बाहेर खास पाहुण्यांची म्हणायची. गावात अशी बातमी सांगावी लागत नाही, तिची ती पोचते. मला त्या बातमीला होईल तेवढा उशीर करायचा होता, दुसरं काही नाही.

खोली मात्र मी मनासारखी करून घेतली. वेदिका कॉम्प्युटरवर घरूनच काम करते, म्हणून खिडकीपाशी टेबल. पुस्तकांना फळी. फिकट हिरवा रंग, तिला तो लहानपणापासून आवडतो. दाराला आतून चांगली जाड कडी. कूलर आणला तो आधी त्या खोलीत बसवला, ह्यांनी कितीही तोंड वाकडं केलं तरी. वाटेनं जाणारी-येणारी बाई वर डोकावून जायची आणि विचारायची, “एवढी सजवलीय, कोन येनार हाय?” मी हसून म्हणायची, “येतील कुणीतरी खास.” हसायचासुद्धा कंटाळा यायला लागला होता.

वास्तुशांतीला सगळं गाव जेवलं. जेवणं आटोपल्यावर ह्यांच्या हातात माईक आला. माईक हातात आला की ह्यांना भान राहत नाही. “ही वास्तू आमची नाही, तुमची आहे. कधीही या. आपलंच घर समजा.” शहरात असं सगळेच म्हणतात. ऐकणाराही मान डोलावतो आणि आपापल्या घरी जातो. बत्तीस-तेहेतीस वर्षं अंबडमध्ये काढून हे विसरून गेले होते की गावात असं म्हटलं की लोक ते धरून चालतात.

आठवडाही झाला नसेल, शेजारची भागीबाई आली. तिच्या पल्लवीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. माझ्याजवळ बसली, लसूण सोलू लागली, आणि सोलता सोलता म्हणाली, “वैनी, जानवसा तुमच्याकडंच ठेवते मग. दीपकभाऊ बोललेच व्हते.”

आमच्या भागात नवरदेवाचं वऱ्हाड गावात आलं की त्याला उतरायला एक जागा देतात, ती जानवसा. मुलीच्या बापाचं घर लहान असतं, मांडवात गर्दी असते, म्हणून ज्याचं घर मोठं तो आपलं घर देतो. त्याचं भाडं कुणी घेत नाही. घेतलं तर पुढच्या सात पिढ्या नाव निघेल. आणि नाही म्हणायची तर पद्धतच नाही. आज तुझ्या लेकीला दिलं, उद्या माझ्या लेकीला देशील, असा तो हिशेब असतो. माझ्या लेकीचा हिशेब काय झाला होता हे भागीबाईला कुठं माहीत होतं?

“हॉल घे, दोन खोल्या घे,” मी म्हटलं. “तिसरी बंद राहील.”

“राहू द्या की. आमाला दोन बख्खळ झाल्या.” भागीबाई मनानं चांगली बाई. काम चालू होतं तेव्हा आमच्या चुलीचा पत्ता नव्हता, तेव्हा हिनंच रोज भाकरी धाडल्या. जाताना म्हणाली, “वेदिकाला बी बोलवा लग्नाला, जावयाला घेऊन. लय दिस झाले पोरीला बघून.”

वेदिकाची यायची तारीख नेमकी त्याच दिवसाची निघाली. मी तिला फोनवर म्हटलं, दोन दिवस मागंपुढं नाही का होणार. ती म्हणाली, सामान आधीच एका मैत्रिणीकडं ठेवलंय, आता त्या घरात रात्र काढायची नाही. मग मी विचार केला, तिची खोली कुलपात आहे, वऱ्हाडाच्या गडबडीत ती मागच्या जिन्यानं वर जाईल, कडी लावेल. दोन दिवस मी ताट वर नेईन. गर्दीत कुणाचं कुणाकडं लक्ष असतं?

लग्नाच्या दिवशी सकाळीच दोन गाड्या भरून वऱ्हाड आलं. ऊन असं की पत्र्याकडं बघवेना. मी किल्ली कनवटीला खोचून चहाच्या मागं लागले. एका पातेल्याला उकळी येते तोवर दुसरं रिकामं. कुणाला बिनसाखरेचा, कुणाला दुधाचा, कुणाच्या पोराला नुसतं दूध. मोरीत पाणी तुंबलं, कारण उतार अजून उलटाच होता. कंबर मोडून आली होती. आपण पाहुणचाराचा धंदा काढायला निघालोय आणि त्यातलं आपल्याला काही जमत नाही, असं त्या सकाळी मला पहिल्यांदा स्पष्ट वाटलं.

चहाच्या कपांचं ताट घेऊन वर गेले तर पूर्वेच्या खोलीचं दार उघडं.

वेदिकाच्या पलंगावर नवरदेव पाय पसरून लोळत होता. पोरगा बिचारा साधाच, कानाला फोन लावलेला. फळीवर त्याचे नवे बूट. टेबलावर बाशिंगाचा खोका, हळदीचं ताट, कुणाचा तरी पावडरचा डबा. कूलर सुरू आणि त्याच्यासमोर नवरदेवाचा मामा उघड्या अंगानं बसलेला.

ह्यांना जिन्यात गाठलं. “कुणी उघडली?”

“अगं, मामांनी विचारलं ही कुलपातली कुणाची. इथल्याच कुणीतरी सांगितलं, खास पाहुण्यांची. मग मामा म्हणाले, आज नवरदेवापेक्षा खास पाहुणा कोन हाय? सगळे हसले. मी काय करू? दुसरी किल्ली होती माझ्याकडं.”

“आणि वेदिका?”

“ती आपल्याजवळ खाली झोपेल की. चार दिवसांचा तर प्रश्न आहे.”

त्या माणसाशी भांडायला माझ्या अंगात त्राण उरलं नव्हतं. आणि भांडू तरी कशावर? खास पाहुण्यांची हे नाव मीच गावभर केलं होतं. कुणी चोरून घेतली नव्हती खोली. मीच ती बोलून बोलून दुसऱ्याची केली होती.

दुपारी फोन आला. “आई, वणी सोडलं.” मी नवरदेवाला जरा खाली बसवता येईल का म्हणून दोनदा वर जाऊन आले. पहिल्यांदा तो जेवत होता. दुसऱ्यांदा त्याची करवली त्याला मुंडावळ्या बांधून बघत होती. मारुतीच्या पाराकडं दर्शनाला तो निघणार होता थेट संध्याकाळी. मी तशीच परत खाली आले.

मागचा जिना आचाऱ्याच्या लाकडांनी अडवला होता, म्हणून वेदिका पुढच्या दारानंच आली. खांद्याला कॉम्प्युटरची बॅग, हातात एक लहानशी सूटकेस. वाळली होती. गळ्यात काही नव्हतं. हॉलमध्ये सतरंजीवर बायका पान लावत बसल्या होत्या. त्या थांबल्या. मांडवातून पाण्याची घागर घेऊन आलेली भागीबाई तोंडभर हसली.

“आगं वेदिका! लग्नाला आलीस व्हय? आन् जावई?”

“जावई कामात आहेत,” हे मध्येच बोलले, “येतील मागून.”

वेदिकानं बापाकडं पाहिलं. रागानं नाही. रागसुद्धा संपलेला होता पोरीचा. मग वर जिन्याकडं, उघड्या दाराकडं, तिथं आत-बाहेर करणाऱ्या वऱ्हाडाकडं पाहिलं आणि माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाली, “आई, गर्दी आहे आज. मी वणीला लॉजवर राहते. उद्या परवा येते सवडीनं.”

जिच्यासाठी मी ती भिंत पुन्हा पुन्हा धुऊन घेतली, ती माझ्याच घरात उभी राहून लॉजवर जायची परवानगी मागत होती. त्या क्षणी मला गावाची भीती राहिली नाही, ह्यांच्या तोंडाची राहिली नाही. खरं सांगायचं तर शूरपणा काही नव्हता त्यात. लपवून लपवून मी इतकी दमले होते की आणखी एक वाक्य खोटं बोलायची ताकद नव्हती.

“मामा,” मी जिन्याच्या खालून हाक मारली, “नवरदेवाला दुसऱ्या खोलीत बसवा. ती खोली पाहुण्यांची नाही. मी खोटं सांगत होते सगळ्यांना. ती माझ्या वेदिकाची आहे. ती नवऱ्याचं घर सोडून आलीय आणि आता इथंच राहणार आहे, कायमची.”

ह्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

मला वाटलं होतं आता मानपान निघेल, मामा रुसतील, नवरदेवाला हलवायचं म्हणजे अपमान झाला म्हणतील. मी भांडायला उभी होते. पण तसं काहीच झालं नाही. नवरदेवाची आत्या पानाचा डबा तसाच टाकून उठली आणि भराभरा वर गेली. तिच्यामागं दोन बायका. बघता बघता खोली रिकामी झाली. बूट आले, हळदीचं ताट आलं, बाशिंगाचा खोका आत्यानं पदराखाली धरून आणला. नवरदेव फोन कानालाच लावून अनवाणी खाली उतरला, त्याला काय चाललंय तेही कळलं नव्हतं. वेदिका जिन्याशी उभी होती. तिच्याजवळून जाताना आत्यानं लुगडं आवरून घेतलं.

“वर कोंदट व्हतंय पोराला,” आत्या मला म्हणाली. “खालीच बरं.”

खाली हॉलमध्ये पंखासुद्धा नव्हता, आणि वर कूलर चालू होता. आत्यानं नवरदेवाला खुर्चीवर बसवलं आणि मीठ-मोहऱ्या मागवून त्याच्यावरून उतरवून टाकल्या. ऊन बाधलं असंल, असं म्हणाली.

हे माझ्याजवळ आले. “बघ, एका शब्दात सोडली की नाही? किती समजूतदार माणसं. उगाच भीत होतो आपण.” त्यांना खरंच कळलं नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, हे एवढ्या वर्षांच्या संसारात मला ओळखता येऊ नये? पण नाही आलं.

मी वेदिकाची सूटकेस उचलली आणि तिला वर नेलं. पलंगावरची चादर बदलली. फळी पुसली. तेवढ्यात भागीबाई जिना चढून आली, पण अर्ध्यात थांबली. वरच्या पायऱ्यांवर पाय ठेवला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

“वैनी, ताटं वरच धाडते दोघींची. अक्षतांना तुम्ही दोघी… म्हंजे, ऊन लय हाय. नाय आल्या तरी चालंल. माज्या पोरीचं काम हाय वो आज, तुमी समजून घ्या.”

आमच्या चुलीचा पत्ता नव्हता तेव्हा रोज भाकरी धाडणारी बाई ही. मी म्हटलं, “समजलं, भागीबाई. पल्लवीची साडी आणलीय मी, ती तेवढी घेऊन जा.” तिनं साडी घेतली, कपाळाला लावली, आणि खाली गेली.

“तू जा आई,” वेदिका म्हणाली. “शेजारचं लग्न आहे. माझ्यामुळं तुझं बंद नको व्हायला.”

“मला कुठंही जायचं नाही,” मी म्हटलं, आणि आतून कडी लावली.

हवी होती ती खोली मिळाली होती. कुणी परत मागायला येणार नव्हतं, हेही मला कळत होतं. त्याचं वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं, पण अंग इतकं शिणलं होतं की वाईट वाटणंसुद्धा धड उभं राहत नव्हतं. मी पलंगावर टेकले. मग तशीच आडवी झाले, भर दुपारी, घरात वऱ्हाड असताना. आयुष्यात पहिल्यांदा. वेदिका माझ्याशेजारी आडवी झाली, भिंतीकडं तोंड करून. खाली बँडवाले वाद्यं जुळवत होते. ताटं कुणीतरी दाराबाहेर ठेवून गेलं, दार न वाजवता.

बऱ्याच वेळानं, मला वाटलं तिचा डोळा लागला, तेव्हा ती तशीच पाठमोरी बोलली.

“आई, तू खरंच सगळ्यांसमोर कायमची म्हणालीस?”

“हो.”

“मला वाटलं होतं, तूसुद्धा चार दिवसच म्हणशील.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती रडत होती.